अर्बाबच्या रिव्हॉल्वरची खोळ

जयगडचा हमदुल्ला दुबईला आला तो शिडं शिवायला. तो आला आणि वर्षभरात शिडांचं काम संपलं. खाडीतल्या एकेका गलबताला इंजिन बसत गेलं, आणि ज्या शिडांसाठी माणसाने बायको-पोर मागे ठेवून समुद्र ओलांडला, ती शिडं गोदामात उंदरांच्या तोंडी गेली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून परतीच्या बोटीत बसला असता. हमदुल्ला दाभण आणि मेणाचा गोळा घेऊन देरा वस्तीतल्या बाजारामागच्या बोळात बसला. जाड असेल ते शिवायचं, एवढंच त्याने ठरवलं. लँडरोव्हरची छपरं झाली, सीटा झाल्या, उंटांची खोगिरं झाली, ट्रंकांचे पट्टे झाले. चार वर्षांत, म्हणजे चौसष्ट सालापर्यंत, त्याचा हात कापडावरून चामड्यावर कधी गेला ते त्यालाही कळलं नाही.

बाकी सगळं बरं चाललं होतं. पोटाला मिळत होतं, घरी पैसे जात होते, तब्येत ठणठणीत होती. फक्त बानूची आई जवळ नव्हती. तो निघाला तेव्हा बानू पाळण्यात होती, आता ती पायऱ्या उतरून एकटी जेटीवर जाते म्हणे. हे सगळं पत्रातून कळायचं, आणि पत्र लिहायचे मोहल्ल्यातले मास्तर, त्यामुळे प्रत्येक पत्रात बायकोच्या दोन ओळी आणि मास्तरांच्या वीस ओळी उपदेशाच्या. हमदुल्ला त्या दोन ओळी शोधून परत परत वाचायचा. बायकोचा पासपोर्ट तयार होता. बोट दर पंधरवड्याला मुंबईहून सुटत होती. अडलं होतं एका कागदावर.

तो कागद जुमाच्या सहीचा. जुमा बिन उबैद हा हमदुल्लाचा अर्बाब, म्हणजे मालक; खोली त्याची, दुकान त्याच्या नावावर, हमदुल्लाची जबाबदारी त्याच्या शिरावर. माझ्या माणसाचं कुटुंब इकडे यायला माझी हरकत नाही, एवढं जुमाने लिहून द्यायचं, सही करायची, शिक्का मारायचा. हमदुल्लाच्या खोलीत राहणारा श्रीवर्धनचा मुश्ताक एका बोट कंपनीच्या एजंटकडे क्लार्क होता. त्याने तो कागद ऑफिसच्या मशिनवर टाईपसुद्धा करून आणला होता, बायकोच्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवून. गेले आठ महिने तो कागद जुमाच्या बैठकीत गादीखाली पडला होता. विचारलं की जुमा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इन्शाल्ला." आता 'इन्शाल्ला'पुढे मुसलमान माणसाने काय बोलायचं? हमदुल्ला "इन्शाल्ला" म्हणून परत यायचा.

जुमा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तरुणपणी मोत्यांच्या बोटीवर नाखुदा, म्हणजे कप्तान होता, मोती विकायला मुंबईला जायचा, तिथेच हिंदी शिकला. ती त्याची भेंडीबाजारी हिंदी मी आपल्या भाषेत सांगतो. त्याचा एकच दोष: जे काम आज केलं नाही तरी आभाळ कोसळणार नाही, ते तो आज करत नसे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी जुमा स्वतः बोळात आला. अर्बाब कधी बोळात येत नाही, माणूस पाठवतो. हमदुल्ला उठून उभा राहिला. जुमाने इकडेतिकडे पाहिलं, चटईवर मांडी घातली आणि मांडीवरचं फडकं सोडलं. आत रिव्हॉल्वर होतं.

लांब नळीचं, लाकडी मुठीचं, मधे गोळ्यांचं गोल चक्र असलेलं. निळसर काळं पोलाद असं चकाकत होतं की हमदुल्ला दोन पावलं मागे सरला.

"भितोस काय? रिकामं आहे," जुमा म्हणाला आणि चक्र फिरवून सहाही भोकं दाखवली. हमदुल्लाला जरा हायसं वाटलं.

हकीकत अशी होती. तेल शोधायला आलेल्या कंपनीतल्या एका टेक्सासच्या इंजिनिअरशी जुमाची दोस्ती झाली होती. जुमाच्या थोरल्या मुलाचं, उबैदचं लग्न ठरलं म्हणताच त्या साहेबाने आपल्या आजोबांच्या पद्धतीचं हे रिव्हॉल्वर भेट दिलं. लग्न पुढच्या शुक्रवारी, मुलगी किनाऱ्यावरच्या उम्म अल कुवैन गावची. ओहोटीच्या वेळी ओल्या किनाऱ्यावरून वरातीच्या गाड्या निघणार, जुमा सगळ्यात पुढच्या गाडीत उभा राहणार आणि मांडवाशी पोचल्यावर हवेत सहा बार काढणार, असं त्याने सगळ्या देऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"पण हे ठेवू कुठे? कमरेच्या कपड्यात खोचलं तर घसरून खाली येतं," जुमा म्हणाला. "साहेब म्हणतो, याला चामड्याची खोळ लागते, पट्ट्यासकट. त्याच्याकडे नाही. तू कर."

"अर्बाब, मी असलं कधी केलेलं नाही."

"लँडरोव्हरचं छप्परसुद्धा कधी केलं नव्हतंस." जुमा उठला. जाताजाता, काही विशेष सांगत नसल्यासारखा म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी खोळ आण, तुझ्या बायकोचा कागद घेऊन जा. वल्ला, शब्द देतो."

आठ महिन्यांत पहिल्यांदा 'इन्शाल्ला'च्या जागी वार आला होता. हमदुल्ला बराच वेळ त्या रिव्हॉल्वरकडे बघत बसला, आणि ते आता त्याला भीतिदायक वाटेना.

खोळ कशी असते हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. साहेबाने एका पाकिटाच्या पाठीमागे चित्र काढून दिलं होतं. ते खोळीपेक्षा वांग्यासारखं दिसत होतं. खाली इंग्रजीत तीन ओळी. मुश्ताकने वाचून दाखवल्या: चामडं जाड घ्या, पाण्यात भिजवा, ओलं असतानाच बंदुकीवर दाबून बसवा, म्हणजे वाळल्यावर तिचा आकार धरतं.

"आणि सिनेमात असतंच की," मुश्ताक म्हणाला. "उघड्यावरच्या सिनेमात या आठवड्यात घोडेवाल्यांचाच पिक्चर आहे. चल, free मध्ये training."

दोघे गेले. सगळं थिएटर नायकाच्या तोंडाकडे बघत होतं, हमदुल्ला त्याच्या कमरेकडे. नायिका रडली तेव्हा याने मुश्ताकला विचारलं, "पट्टा दोन पदरी आहे काय रे?" खलनायक मेला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि हमदुल्ला चरफडला, कारण त्याची खोळ सगळ्यात चांगली होती आणि आता ती पालथी पडून दिसेनाशी झाली. पण मुद्द्याचं ते त्याने टिपलं होतं: एकच तुकडा दुमडायचा, एका बाजूने शिवायचा, मागून पट्टा ओवायला पाळ ठेवायची.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी सगळं तंबूच्या कापडात करून पाहिलं. शीड शिवणाऱ्याची ही सवयच. महागडं कापण्याआधी स्वस्तातलं कापायचं. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर रिव्हॉल्वर आडवं ठेवून पेन्सिल फिरवली, त्या रेघेवर कापड कापलं, शिवलं, आणि रिव्हॉल्वर आत जाईना. अर्ध्यावर अडकलं. हमदुल्ला स्वतःशीच हसला. वस्तूला जाडी असते, हे पोत्यावरच्या सपाट चित्राला कुठून कळणार? ही चूक चामड्यावर झाली असती तर मुंबईहून आलेला तो एकुलता एक जाड तुकडा कामातून गेला असता. त्याने चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त धरली, पुन्हा कापड कापलं, आणि या वेळी रिव्हॉल्वर अलगद आत गेलं. जीव भांड्यात पडला.

मग चामडं. रापीने ते एका दमात कापलं. कडा घासून गुळगुळीत केल्या, आरीने सारख्या अंतरावर भोकं पाडली, दोरा मेणातून तीनदा ओढला आणि दोन्ही टोकांना सुया घालून समोरासमोरून शिवत गेला, बोटीच्या शिडाची कड शिवतात तसंच. शेवटचा टाका घालून त्याने खोळ हातात फिरवली आणि ती त्याला आवडली. चार वर्षांत त्याने पोटासाठी पुष्कळ शिवलं होतं, पण शिवून झाल्यावर उगाच उलटसुलट बघत बसावं असं हे पहिलंच.

आता भिजवायचं.

इथे हमदुल्लाच्या डोक्यात काय होतं ते समजून घ्यायला हवं, नाहीतर तो मूर्ख वाटेल, आणि तो मूर्ख नव्हता. त्याचा बाप तांडेल, आजा तांडेल. बोटीवर गोडं पाणी प्यायचं आणि भातात घालायचं; बाकी जे काही भिजवायचं ते समुद्रात. दोर समुद्रात, शीड समुद्रात, लाकूड समुद्रात. लहानपणी गोड्या पाण्यात जाळं बुडवलं म्हणून त्याने बापाच्या हातचा मार खाल्ला होता. आणि दुबईत गोडं पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून यायचं, ते आणणाऱ्या बलुच्याची वाट बघत लोक दारात उभे राहायचे. त्या पाण्यात चामडं बुडवायचं हे त्याच्या मनालासुद्धा शिवलं नाही. सोमवारी सकाळी त्याने बादली उचलली, खाडीवर गेला, भरतीचं स्वच्छ पाणी भरून आणलं आणि खोळ त्यात बुडवली. बुडबुडे थांबले तेव्हा बाहेर काढली, रिव्हॉल्वर आत बसवलं, दाभणाच्या लाकडी मुठीने नळीच्या कडा, चक्राचा फुगवटा, घोड्याची वळणं एकेक दाबून उठवली. वरून ओलं फडकं गुंडाळलं, सुतळीने करकचून बांधलं आणि सावलीत टांगलं. चामडं सावकाश वाळावं लागतं, एवढं त्याला कळत होतं. दोन दिवस त्याने तिकडे बोटही लावलं नाही.

बुधवारी पहाटे, फज्रच्या नमाजनंतर, सुतळी सोडली. खोळ झकास झाली होती. रिव्हॉल्वर काढल्यावरही आत रिव्हॉल्वर आहे असं वाटत होतं. पण जे हातात आलं ते हमदुल्लाने उजेडाकडे धरलं.

नळी तांबडी झाली होती. चकाकणाऱ्या निळ्या पोलादावर मुठीपासून टोकापर्यंत गंज फुटला होता, आणि चामड्यावर जिथे पाणी वाळलं तिथे मिठाच्या पांढऱ्या रेषा होत्या. त्याने चक्र फिरवलं. ते करकरलं आणि अर्ध्यावर अडलं.

"या अल्ला," तो म्हणाला आणि खाली बसला.

मुश्ताक तोंड धुवून आला तर हा भिंतीला टेकून, मांडीवर रिव्हॉल्वर. काय झालं ते सांगायची गरजच पडली नाही. मुश्ताकने रिव्हॉल्वर उलटंपालटं केलं.

"अरे, लोखंड होतं ना आत?"

"मी चामड्याचा विचार करत होतो."

"बरं, panic नको होऊस. तेल लावू."

गलबतांना लावायचं माशाचं तेल आणलं, राख आणली, फडकी आणली. दोघांनी दुपारपर्यंत घासलं. गंज बराचसा निघाला, पण निघाला तिथे निळा रंगही निघाला आणि बारीक खड्डे राहिले. चक्र फिरू लागलं, पण त्याचा नेम नव्हता. कधी बरोबर नळीसमोर थांबे, कधी थोडं अलीकडे, कधी घोडा ओढला की जागचं हलतच नसे.

"ऐक," मुश्ताक म्हणाला. "नळी खोळीच्या आत जाते. मूठ बाहेर राहते, ती लाकडाची, एकदम okay आहे. उद्या खोळीत घालूनच दे. अर्बाब कमरेला बांधणार, खुश होणार, कागदावर sign करणार. तू कागद उचल आणि यल्ला, सरळ व्हिसासाठी एजन्सीत submit कर. शुक्रवारनंतर काय व्हायचं ते होवो. तोवर तुझी file पुढे गेली असेल."

खोटं कशाला सांगा, सल्ला हमदुल्लाला पटला होता. चार वर्षं! मास्तरांच्या वीस ओळींतून बायकोच्या दोन ओळी वेचत काढलेली चार वर्षं, आणि कागद उद्या हातात येत होता. त्याने गोड्या पाण्याचे चार डबे घेतले, दारातल्या बायका बघत असताना ते चामड्यावर ओतून मीठ धुतलं, ओल्या चामड्यात रिव्हॉल्वरच्या मापाचा लाकडी ठोकळा घालून खोळ पुन्हा वाळवली, घरून आलेलं खोबरेल चोळलं. खोळ पहिल्यापेक्षाही सुंदर दिसू लागली. पण ती बघताना त्याला आता आनंद होईना. त्याला सारखं ते चक्र दिसत होतं. नळीच्या जरा अलीकडे थांबलेलं चक्र, त्यात खरी गोळी, आणि ते धरलेला जुमाचा म्हातारा हात. बार पुढे निघाला नाही तर हातातच फुटणार. आजूबाजूला वरातीतली माणसं, पोरं.

दुपारचं जेवण त्याच्याने गेलं नाही. रात्रीचंही नाही. गुरुवारी सकाळी मुश्ताक ऑफिसला निघताना म्हणाला, "मग, plan final ना?" हमदुल्लाने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मुश्ताकला कळलं नाही, आणि हमदुल्लालाही तोवर कळलं नव्हतं.

संध्याकाळी, अस्रच्या नमाजनंतर, तो जुमाच्या घरी पोचला. लग्नघर होतं. अंगणात पातेली घासली जात होती, बकरे बांधले होते, उबैदचे मित्र ढोलकं तापवत होते. जुमा बैठकीत एकटाच गादीवर होता. बैठकीच्या आतल्या दाराला पडदा होता, आणि पडद्यामागे बांगड्यांचा आणि कपबशांचा आवाज येत होता.

हमदुल्लाच्या एका हातात खोळ होती आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर. वेगवेगळं. वाटेत अब्रातून, म्हणजे भाड्याच्या होडीतून, खाडी ओलांडताना कधीतरी त्याने ते खोळीतून काढलं होतं.

जुमाने आधी खोळच घेतली. कमरेला बांधली, उभा राहिला, दोन पावलं चालून पाहिली. म्हातारा आरशासमोरच्या नवरदेवासारखा खुलला. "माशाल्ला! साहेब वेडा होईल. हबीबी, तू तर उस्ताद निघालास." त्याने गादीखाली हात घातला आणि तो कागद बाहेर काढला, झटकला, पुढ्यात ठेवला. "आण ते रिव्हॉल्वर."

कागद हमदुल्लापासून हातभर अंतरावर होता.

"अर्बाब," तो म्हणाला, "रिव्हॉल्वर मी बिघडवलं आहे."

जुमा हसतच होता. "काय?"

"ते उडवू नका. हातात फुटेल." आणि फडकं सोडून त्याने रिव्हॉल्वर कागदाशेजारी ठेवलं.

जुमाचं हसू हळूहळू गेलं. त्याने नळीवरून अंगठा फिरवला, चक्र फिरवलं, अडलेलं पाहिलं. "कसं?"

"चामडं भिजवलं. ओल्यात दोन दिवस ठेवलं."

"भिजवल्याने असं होत नाही. कुठल्या पाण्यात?"

"खाडीच्या."

"खाडीच्या!" जुमाचा आवाज अंगणापर्यंत गेला, पातेल्यांचा खडखडाट थांबला. "पोलादाला खारं पाणी! अरे, तू तर दर्यावर्द्याच्या घरचा ना? तांडेलाचा मुलगा ना?"

"म्हणूनच, अर्बाब," हमदुल्ला म्हणाला. "आमच्याकडे गोडं पाणी भिजवायला काढत नाहीत."

जुमाच्या बोटीवरही पाणबुड्यांना पाणी वाटीने मोजून मिळायचं, आणि मोजायचा तो स्वतः. पण राग आलेल्या माणसाला आपलंच आठवलेलं आवडत नाही. त्याचा चेहरा लाल झाला.

"मी सगळ्या देऱ्याला सांगितलं आहे! उम्म अल कुवैनला निरोप गेला आहे! साहेब स्वतः येणार आहे त्याची बंदूक बघायला! काय सांगू त्याला? आणि तू, तू इथे कागद मागायला..." त्याने कागद उचलला. "कागद खलास. ऐकलंस? खलास!"

हमदुल्लाने खाली मान घातली. ऐकलं होतं. गंमत अशी की त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते बानूच्या आईसाठी, पण कालपासून छातीवर बसलेला तो दगड मात्र उतरला होता. उद्या कुणाचा हात तुटणार नव्हता. तो उठायला लागला.

"अबू उबैद."

पडद्याआडून बाईचा आवाज आला. उबैदचा बाप, अशी हाक. मोठ्याने नव्हती, पण जुमा जागच्या जागी थांबला.

ती उम्म उबैद, उबैदची आई, जुमाची बायको. लग्नानंतर दोन वर्षं ती नवऱ्याबरोबर मुंबईला राहिलेली होती, हिंदी तिलाही येत होती, आणि हमदुल्लाने तिच्या गाद्यांना खोळी शिवल्या होत्या तेव्हा पडद्याआडूनच तिने टाके कसे हवेत ते सांगितलं होतं. आता ती हमदुल्लाला कळावं म्हणून मुद्दामच हिंदीत बोलत होती.

"म्हणजे उद्या बार निघणार नाहीत?" तिने विचारलं.

"कुठून निघतील? या गाढवाने..."

"अल्हमदुलिल्ला, अल्लाचे उपकार," ती म्हणाली, आणि पडद्याआड ती चक्क रडायला लागली.

दोघे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. जुमाने रिव्हॉल्वर खाली ठेवलं.

"पंधरा दिवस मी तुला सांगते आहे," ती म्हणाली. "रोज सांगते. माझ्या भावाची मांडी तू पाहिली आहेस. त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात आनंदाचेच बार होते ते. वर गेलेली गोळी खाली आली. तो आजही पाय ओढत चालतो, आणि हकीम म्हणाला होता, वीतभर वर लागली असती तर संपला असता. उद्या सगळ्यात पुढच्या गाडीत तू, तिथेच माझा उबैद, बाजूला त्याच्या बहिणींची पोरं. मी झोपलेली नाही, अबू उबैद. मी पंधरा दिवस झोपलेली नाही. तू ऐकत नव्हतास. मग मी अल्लाला सांगितलं, तूच काहीतरी कर." तिने नाक ओढलं. "त्याने या शीड शिवणाऱ्याच्या बादलीत केलं."

जुमा गादीवर बसला. त्याने कमरेची खोळ चाचपली, रिव्हॉल्वर उचललं, त्यात सरकवलं. मूठ तेवढी बाहेर राहिली, आणि लाकडी मूठ छानच दिसत होती. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला, हमदुल्लाला की पडद्याला ते कळेना. "मलाही झोप नव्हती. बोलून बसलो होतो. माझे हात आता कापतात. पण सगळ्यांना सांगून बसल्यावर माणूस मागे कसा येणार?"

"आता आलास," पडदा म्हणाला.

"आलो," जुमा म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. पहिल्यांदा जरासं, मग पोट धरून. "साहेबाला सांगतो, आमच्या देशात पोलाद आधी गंजतं, मग कामाला लागतं. तो समुद्रकिनारी राहतो, त्याची स्वतःची गाडी गंजते आहे, त्याला पटेल. आणि वरातीत लोक काय बघणार? खोळ बघणार!" त्याने कमरेच्या खोळीवर थाप दिली. "ही खोळ दुबईत दुसऱ्या कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही, अर्बाब," हमदुल्ला म्हणाला.

पडद्याखालून एक ताट सरकलं. त्यावर खजूर, हलवा, कॉफी. "याला खायला घाल," उम्म उबैद म्हणाली. "याचं तोंड बघ. हा जेवलेला दिसत नाही." हमदुल्लाने दोन दिवसांत पहिला घास तोंडात घातला आणि किती भूक लागली होती ते त्याला तेव्हा कळलं. तो खात राहिला. जुमा त्याला बघत राहिला, आणि मग त्याची नजर स्वतःच्या हातातल्या कागदाकडे गेली. तो चुरगळला होता.

"मी खलास म्हणालो," तो जरा ओशाळून म्हणाला.

"तू पुष्कळ काय काय म्हणतोस," पडद्याआडून आवाज आला. "सहाही बार काढीन असंही म्हणाला होतास. कागद कसला आहे तो?"

"याच्या बायकोला आणायचा."

"किती दिवस झाले?"

हमदुल्लाने हलवा गिळला आणि म्हणाला, "चार वर्षं. कागदाचे आठ महिने."

उम्म उबैदने पडद्याआडून आपल्या मुलाला हाक मारली. "उबैद! बापाला दौत दे, पेन दे, शिक्का दे. आत्ता. मी इथे उभी आहे."

नवरदेव ढोलकं टाकून धावत आला. जुमाने कागद मांडीवर सपाट केला, हाताने सुरकुत्या काढल्या, चष्मा लावला, आणि ओळीवर बोट ठेवून थांबला.

"इथे नाव लिहायचं आहे. जागा मोकळी आहे. तिचं नाव काय?"

"बानूची आई," हमदुल्ला म्हणाला.

"ते नाव नव्हे."

हमदुल्लाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याच्या घरात बापाने आईचं नाव कधी घेतलं नव्हतं, आज्याने आजीचं घेतलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी काझीने उच्चारलं तेव्हा ऐकलेलं ते नाव, त्यानंतर ते त्याच्या तोंडातून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. घरी असताना "अगं ऐकलंस का", इथे आल्यावर "बानूची आई". पत्रावरसुद्धा पत्ता सासऱ्यांच्या नावाने. अर्बाबसमोर, त्याच्या मुलासमोर, कसं घ्यायचं? जुमालाही ते समजत होतं, दुसऱ्याच्या बायकोचं नाव विचारायला तोही अवघडला होता, म्हणून तो नुसताच चष्म्यावरून बघत राहिला.

"बेटा," पडद्याआडून उम्म उबैद म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात हसू होतं. "मलाही सगळे उबैदची आई म्हणतात. चांगलं वाटतं. पण बोटीवर बसायचं तर तिला स्वतःचं नाव लागेल. सांग. आम्ही कान बंद करतो."

जुमाने खरंच दुसऱ्या हाताने एक कान झाकला. उबैद हसून भिंतीकडे वळला.

हमदुल्लाने खजुराचा हात फडक्याला पुसला. नीट बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसावं असं त्याला वाटलं नाही.

"अन्वरी," तो म्हणाला. मग जुमाला ऐकू गेलं नसेल म्हणून, आणि तसं काही नव्हतंच, गेलं होतं, तरी त्याने पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं. "अन्वरी. अन्वरी लिहा, अर्बाब."

आणि अर्बाबने लिहिलं.